माभेलेचं शेत आणि घरी बसलेलं गाव

माभेलेच्या शेतात नेमकी किती माणसं राबतात, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. मी पिकअपवाला. आमच्या म्थोंजेनी गावातून भाजी उचलायची आणि क्वीन्सटाउनच्या टॅक्सी स्टँडवर नेऊन घालायची, एवढंच माझं आयुष्य. तोंडावर लोक मला कुळाच्या नावानं म्पिंगा म्हणतात आणि पाठीमागे 'नाक' म्हणतात, कारण दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला स्वतःचं जेवण गोड लागत नाही. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. ज्याला कशाचीच चौकशी नाही त्यानं खुशाल शेळ्यांसारखं रवंथ करत बसावं.

शेत ते केवढं? पाटापासून निलगिरीच्या झाडांपर्यंत. एखाद्या पोरानं दगड भिरकावला तर पलीकडे जाऊन पडेल. पण कधीही जा, तिथे कोणी ना कोणी वाकलेलं दिसायचंच. आज पाहिलेला चेहरा उद्या नसायचा, उद्याचा परवा वेगळ्याच वाफ्यात असायचा. एवढ्याशा तुकड्यावर इतकी माणसं जगतात कशी, हे मला कळेना. होल्टझच्या वेळी तो सगळा मळा, डोंगरापासून नदीपर्यंत, बोटांवर मोजण्याइतक्या गड्यांवर चालायचा.

होल्टझ म्हणजे इथला गोरा शेतकरी. तो गेला, तरी आम्ही अजून 'होल्टझकडे' असंच म्हणतो. त्याच्याही आधी ती जमीन आमच्या आजोबांची होती. त्यांना बायकापोरांसकट ट्रकमध्ये घालून हुसकावलं होतं. पुढे राज्य बदललं आणि सरकारनं ती सगळ्या गावाला मिळून परत दिली. पाठोपाठ प्रिटोरियाहून एक सल्लागार आला, उंटावरचा शहाणा. म्हणाला, जमिनीचे तुकडे करू नका, एक मळा, एक व्यवस्थापक, एक मोठा ट्रॅक्टर. आम्हीही हुरळलो. नव्याचे नऊ दिवस झाले, मका चांगला आला, मग ट्रॅक्टर बसला आणि व्यवस्थापकाला दुसरीकडे नोकरी मिळाली. ट्रॅक्टरच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. पगारावर घेतलेली चारदोन माणसं घरी आली आणि रान बाभळीनं भरून गेलं.

गावाच्या जमीन कमिटीचा अध्यक्ष ताता सोगोनी; ताता म्हणजे आमच्यात बाबा. होल्टझचा जुना मुकादम, काठीसारखा ताठ. त्याच्या मते शेती म्हणजे पहाटे शिट्टी वाजली पाहिजे, माणसं रांगेत उभी राहिली पाहिजेत आणि शुक्रवारी पगाराची पाकिटं वाटली गेली पाहिजेत. बाकी सगळं म्हणजे बायकांनी परसात लावलेला भोपळा.

माभेले ही त्याची सून. काला गावाच्या पलीकडून लग्न होऊन आली, सासऱ्यानंच तिचं नाव नोवेझिले ठेवलं, पण सगळे तिला माहेरच्या कुळावरून माभेले म्हणतात. तिचा नवरा, सोगोनीचा एकुलता एक मुलगा, प्लॅटिनमच्या खाणीतून छाती खराब करून परतला आणि वर्षाच्या आत गेला. सुतक फिटल्यावर ही बाई फावडं घेऊन पाटाजवळच्या बाभळीत शिरली. कमिटीकडे जमीन मागायची, तर सासऱ्यासमोर उभं राहून मागणार कशी? आमच्यातली सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही आणि त्याच्या शब्दापुढे शब्द तर काढतच नाही. म्हणून तिनं शेजारच्या लुलामाला पाठवलं. लुलामाची जीभ म्हणजे कोयता. ती कमिटीसमोर म्हणाली, "तिथे तुम्ही नुसत्या बाभळी पोसताय. ती कांदे पोसेल म्हणते. बघा, कांद्याची भाजी तरी होते." कमिटी हसली आणि हो म्हणाली. बाभळी फुकटात तोडून मिळत होत्या, नाही कोण म्हणेल?

पहिल्या वर्षी कांदे पिवळे पडले. खत हवं होतं. खत होतं सासऱ्याच्या दगडी गोठ्यात, वर्षानुवर्षांचं, गुडघाभर. पण घरच्या सुनेनं गुरांच्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, तिथे वाडवडिलांचा वास असतो. आणि 'खत द्या' असं तोंडानं मागायचीही सोय नाही. तेव्हा एका संध्याकाळी माभेले गोठ्याच्या भिंतीबाहेर उभी राहिली आणि कुत्र्याला म्हणाली, "काय रे, कांदे आजारी पडलेत बघ. त्यांना जेवायला मिळत नाही." कुत्र्यानं शेपटी हलवली. सोगोनी आत वासराचं दावं सोडत होता.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराबाहेर शेणखताचा ढीग! गावात चर्चा सुरू झाली, टाकला कोणी? मी 'नाक', मला चैन पडेना. म्हणून एकदा पहाटेच गाडी काढून चढावर थांबलो. पाहतो तर अध्यक्षमहाशय स्वतः, अंगावर जुनी घोंगडी, हातात फावडं, खत बाहेर फेकतायत. फेकून झाल्यावर त्यांनी पाटाचं फळकूट उचलून माभेलेच्या वाफ्यांकडे पाणी सोडलं आणि हात झटकून घरी जाऊन झोपल्याचं सोंग केलं. पुढे रोज तेच. सुनेला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बहुधा कुत्र्यालाही. दिवसा मात्र कमिटीत तेच ताता म्हणायचे, "त्या परसबागांनी काही होत नाही. मोठं काहीतरी आणलं पाहिजे."

तर माझं कोडं. एकदा कोबी गाडीत भरताना मी सरळच विचारलं.

"माभेले, तुझ्याकडे कामाला आहेत तरी किती जण?"

"माझ्याकडे? कोणी नाही."

"मग ही कोण?"

"ही? लुलामा. आली सहज."

"सहज कशी? सकाळपासून पालकाच्या जुड्या बांधतेय."

"घरी बसूनच असते ना. म्हटलं, ये."

"आणि तो गाढवगाडीवाला?"

"बोनिसिलेला घरी करमत नाही."

बोनिसिले गाडीवरून ओरडला, "मला करमतं! पण माझ्या गाढवांना करमत नाही!"

मी गाडी सुरू केली, पण डोकं तिथेच राहिलं. लुलामा जुड्या बांधायची आणि तिच्या वाट्याच्या जुड्या तीन गावांत फिरून विकायची. बोनिसिले माझ्या गाडीपर्यंत माल आणायचा आणि परत जाताना लोकांचं पाणी वाहायचा. कोबीची बाहेरची पानं न्यायला एक म्हातारी यायची, त्यावर तिची डुकरं पोसलेली. डुकराचं मटण शनिवारी भाजून विकणारा दुसराच कोणी. आणि माभेले जुन्या डब्यांत रोपं करायची, ती घेऊन पाटाच्या कडेनं आणखी कितीतरी घरांनी बाभळी तोडून आपापले तुकडे धरले होते. त्यांच्याकडे काढणी निघाली की माभेले जायची, तिच्याकडे निघाली की ती येत. एक धागा ओढावा आणि अख्खी गोधडी हलावी, तसं ते होतं. हिशेब लागेना, पण मजा वाटायला लागली.

अशात ब्लूबेरीची कंपनी आली.

कंपनीचा माणूस फोरी. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. आमची भाषा आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा. त्याला होल्टझचा मळा भाड्यानं हवा होता, दीर्घ मुदतीनं. जाळीखाली ब्लूबेरी लावणार, गावातल्या माणसांना कामावर घेणार, पगार, बूट, टोपी, सगळं. फक्त सुरुवात पाटालगतच्या जमिनीपासून, कारण पाणी तिथे. म्हणजे माभेलेचा तुकडा आधी जाणार, आणि पाटाच्या कडेचे बाकीचे तिच्या मागोमाग.

सोगोनीचा चेहरा उजळला. होल्टझ गेल्यापासून ऐकायची राहिलेली शिट्टी त्याच्या कानात वाजायला लागली असणार. त्यानं कमिटीला सांगितलं, "गावातली पोरं बसून कुजतायत. बसलेल्या माणसाला काम देणं हे अध्यक्षाचं काम." यात चूक काढायला जागा नव्हती. फोरीनं सभेच्या जेवणासाठी दोन मेंढ्या पाठवतो म्हटल्यावर तर विरोध करणारं तोंडच उरलं नाही.

लुलामा माभेलेवर चिडली. "अगं, बोल ना काहीतरी! न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, ठाऊक आहे ना?"

"कोणाशी बोलू? त्यांच्याशी?" माभेलेनं हनुवटीनं घराकडे खूण केली.

"मग जाऊ दे जमीन?"

माभेले पालकाच्या वाफ्यात बसली होती आणि मला पहिल्यांदाच तिचे हात रिकामे दिसले. नवरा पुरला तेव्हाही तिनं हात रिकामे ठेवले नव्हते. मला फार वाईट वाटलं. मग मीही जरा चिडलो, कारण आठवडाभर माझी गाडी ब्लूबेरीच्या बातमीनंच भरून जात होती, आणि बातमी कोणी विकत घेत नाही.

शेवटी ती म्हणाली, "सभेचा स्वयंपाक कोणाकडे आहे?"

"सुनांकडे. म्हणजे तुझ्याकडेच की."

"बरं," म्हणाली, आणि उठून घेवडा निवडायला गेली.

सभा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये भरली. कोंबड्यांना हाकलून खुर्च्या मांडल्या. सह्यांच्या आधी सगळं नीट समजून घ्यायला जमीन खात्यातून एक मुलगी आली होती, अखोना. चुणचुणीत पोर, माझ्यासारखंच तिला सगळं विचारायचं असायचं. ती म्हणाली, "गावात काम किती जणांना आहे, हे मला बघायचंय. ज्यांना काम आहे त्यांनी उजवीकडे उभं राहा. जे घरी आहेत त्यांनी डावीकडे."

सगळं गाव डावीकडे गेलं. बोनिसिले गेला, लुलामा गेली, डुकरंवाली म्हातारी काठी टेकत गेली. उजवीकडे शाळेचा मास्तर एकटा, आणि तोही ओशाळून उभा. मी कुठे होतो? मीही डावीकडेच. इकडच्या ईस्ट लंडन शहरातला, मी होतो तो कारखाना बंद पडल्यापासून कोणी विचारलं की मी 'बसलोय घरी' म्हणतो. पिकअप दिवसभर पळते, पण तिला मी कधी काम म्हटलंच नाही. कामाला कोणीतरी लावणारा लागतो, तो शिट्टी वाजवतो, शुक्रवारी पाकीट देतो. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात कामाचं चित्र हेच, त्यात सोगोनीला वेगळा दोष कशाला द्या?

फोरीनं हात पसरले. "बघा, ताई. एवढी माणसं रिकामी."

अखोना गोंधळली. "एवढी?" एवढंच म्हणाली. सोगोनीनं मान हलवली, पेन पुढे ओढलं आणि म्हणाला, "आधी जेवून घ्या. उपाशीपोटी सही करू नये."

शेडबाहेर दोन चुली होत्या. एकीवर मेंढ्यांचं मटण रटरटत होतं, त्याच्या वासानं मुलं कधीची घोटाळत होती. दुसरीवर माभेलेचं तीन पायांचं काळं भांडं. त्यात मक्याच्या कण्या, घेवडा आणि तिच्याच शेतातला पालक. माणसं अर्थातच मटणाकडे वळली, तोच लुलामा मध्ये उभी राहिली.

"थांबा! कांद्याची काढणी झाली, त्याचं जेवण अजून द्यायचं राहिलंय. माभेलेचं हे भांडं शेताचं आहे. ज्याचा शेताला हात लागला त्यानं इकडे या. ज्याचा नाही लागला त्यानं पाहुण्यांचं मटण खा."

सगळे जागच्या जागी थबकले. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण आमच्यात दुसऱ्याच्या काढणीला गेलं की त्या शेताचं भांडं तुमचं, आणि ते नाकारणं म्हणजे 'मी आलोच नव्हतो' म्हणण्यासारखं. माणूस बायकोशी खोटं बोलेल, पाद्र्याशी खोटं बोलेल, पण काढणीच्या भांड्याशी बोलणार नाही.

"दोन्हीकडचं खाल्लं तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर दोन्हीकडची भांडी घास!"

डुकरंवाली म्हातारी पहिली निघाली. मटणाकडे एकदा दुःखानं बघितलं आणि काळ्या भांड्यासमोर ताटली धरली. मग बोनिसिले. मग पाटाच्या कडेची घरं, एकामागून एक. रांग शेडला वळसा घालून ट्रॅक्टरपर्यंत गेली. मी रांगेत शिरलो तेव्हा लुलामानं डोळे वटारले, "तू कशाला?" मी म्हटलं, "तिचे कोबी काय उडत जातात क्वीन्सटाउनला?" मास्तरही आला, शाळेच्या पोरांना घेऊन रोपं उचलायला तो येत असे. मटणाच्या चुलीपाशी फोरी, त्याचा ड्रायव्हर आणि दोन कुत्री उरली.

अखोना रांगेच्या बाजूबाजूनं चालत होती. "बाबा, तुम्ही मघाशी घरी बसलोय म्हणालात ना?"

"बसलोच आहे की," बोनिसिले म्हणाला.

"मग शेतात काय करता?"

"माल वाहतो."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी गाढवं चर्चला जातात."

"आणि हे काम नाही?"

बोनिसिले मागे वळून रांगेकडे बघायला लागला. मीही बघितलं. माझं कोडं तिथे ताटल्या घेऊन उभं होतं, पहिल्यांदाच सगळं एका ठिकाणी.

आता एकटा सोगोनी जेवायचा राहिला. तो खुर्चीवरच होता. वडीलधारी माणसं रांगेत येत नाहीत, त्यांचं ताट सुनेनं न्यायचं असतं. माभेलेनं ताटली उचलली आणि दोन चुलींच्या मध्ये थांबली. मटण वाढावं, तर त्यांची रोजची पहाट तीच पुसून टाकणार. कण्या वाढाव्यात, तर चारचौघांत सांगणार की अध्यक्ष सुनेच्या शेतात खत फेकतात. आणि सासऱ्याला विचारायची तर सोयच नाही.

तिनं काळ्या भांड्यातल्या कण्या वाढल्या. वर घेवडा घातला. डोक्यावरचा रुमाल नीट केला, जाऊन गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घालून ताटली त्याच्यासमोर धरली.

सोगोनीनं ताटलीत पाहिलं. मटणाचा तुकडा नव्हता. तो इतका वेळ पाहत राहिला की लोकांनी चावणंच बंद केलं. मग त्यानं पेन बाजूला केलं, ताटली घेतली आणि खायला लागला. घाई केली नाही. तळाचा शेवटचा दाणाही बोटानं पुसून घेतला.

"फोरी," तो म्हणाला, "तू बसलेली माणसं मागितलीस. मला वाटलं होतं माझ्याकडे आहेत. पण बघ, सगळी कामावर आहेत. यांना काढून तुला दिली, तर पाटावर कोण जाईल? डोंगराकडची जमीन हवी असेल तर बोलू. पाटाची नाही."

"ताता, पाणी तर पाटालाच आहे," फोरी म्हणाला.

"म्हणूनच नाही."

कमिटीत कोणाच्या तोंडात घेवडा होता, कोणाच्या मनात तो मघाचा डावा कोपरा.

अखोना सोगोनीजवळ आली. तिला विचारल्याशिवाय राहवेना, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ती मला सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

"आणि तुम्ही, ताता? तुम्हीही घरी बसून?"

म्हातारा खुर्चीत सरळ झाला. अख्ख्या आयुष्यात त्यानं चारचौघांत सुनेबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि तसा काढायचा नसतोच.

"मी?" तो म्हणाला. "मी माझ्या सुनेकडे कामाला आहे."

माभेले अजून गुडघ्यांवरच होती. तिनं मान वर केली नाही. रिकामी ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि त्याला अजून वाढायला भांड्याकडे गेली.